पूर्णगडचा प्लग

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, ऑफिसात तर नाहीच नाही. सांगण्यासारखं काही आहे हे मी स्वतःशीसुद्धा बरेच दिवस कबूल केलं नव्हतं. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यापाशी कदाचित बोलवेल — बघू. मध्येच मी दुसऱ्याच कुणावर तरी चिडायला लागेन. ती माझी जुनी सवय आहे, तेवढं समजून घ्या.

आधी माझं काम सांगते. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही, आणि सांगताना माझं डोकं फिरल्याशिवाय राहणार नाही. मी रत्नागिरीत आंब्याचा पल्प करणाऱ्या एका कंपनीत नोकरी करते. गुहागर, लोटे, पूर्णगड इथे आमचे डेपो आहेत. प्रत्येक डेपोत एक चपटी पेटी असते, तिला स्विच म्हणतात. दिव्याचं बटण नव्हे. तिथले कॉम्प्युटर, प्रिंटर, कॅमेरे, सगळ्यांच्या वायरी त्या पेटीच्या भोकांत, म्हणजे पोर्टांत, येऊन बसतात, आणि एका पोर्टातून निघालेली वायर इंटरनेटच्या लाइनने थेट रत्नागिरीशी जोडलेली असते. या पेट्या मी इथं खुर्चीत बसून सांभाळते. माझ्या स्क्रीनवर प्रत्येकीचा एक ठिपका आहे. हिरवा म्हणजे सगळं ठीक. लाल म्हणजे पेटी हाकेला ओ देत नाही.

लाल झाला की मी फोन करायचा. दिवा लागतोय का? — कुठला दिवा? — पेटीवरचा हो! — कुठली पेटी? सांगा, माणसानं काय करावं? गुहागरच्या बाईंनी धूळ बसू नये म्हणून पेटीवर क्रोशाचा रुमाल घातला होता, आणि तोही असा बेतशीर की वारा जायची एकही फट उघडी राहू नये. लोट्याला शिफ्टवाल्यांना शोध लागला की ही वरून गरम असते. झालं, त्यांनी तिच्यावर जेवणाचे डबे ठेवायला सुरुवात केली. एकदा आमटी सांडली, आणि वर मलाच विचारलं, "मॅडम, हिला पाणी चालत नाय काय?"

पण सगळ्यात जास्त वैताग पूर्णगडचा. तिथं गजाकाका होते. उभा जन्म बोटीवर काढलेला माणूस. बोट सोडून घरी परतल्यावर आमच्या डेपोच्या चाव्या सांभाळायचे. आभाळ नुसतं गुरगुरलं की काका सगळे प्लग काढून मोकळे. कोकणात घरोघरी हेच चालतं, मला ठाऊक आहे. वीज चमकली की टीव्ही, फ्रीज, सगळं बाहेर उपटायचं आणि मुलांना खिडकीपासून लांब बसवायचं. माझी आईही हेच करते. पण घर वेगळं आणि डेपो वेगळा, नाही का? माझा ठिपका लाल व्हायचा, मी फोनवर ओरडायची — अर्थिंग आहे, संरक्षण आहे, काही होत नाही! काका शांतपणे म्हणायचे, "ईज काय तुजा ऐकनार हाय, बाय?"

शेवटी मी त्यांच्याकडून शब्दच घेतला. पेटीच्या पांढऱ्या प्लगला हात लावायचा नाही, आभाळ कोसळलं तरी. त्यांनी तो दिला. आणि पाळला — हे मात्र नीट लक्षात ठेवा, कारण मी ते सोयीस्करपणे विसरले.

आता त्या दिवसाचं. मे महिना, ऐन हंगाम. आभाळात ढगाचा मागमूस नाही. पूर्णगडचा एक कॅमेरा सारखा अडखळत होता. त्याचं पोर्ट इथूनच बंद करून पुन्हा चालू करायचं, एवढंच काम. चहा पिता पिता होणारं. मी चहा पीतच होते. डोकं दुसरीकडे होतं, कारण गुहागरच्या रुमालावरून आमचं नुकतंच वाजलं होतं... पाहिलंत? लागले ना पुन्हा दुसऱ्यावर ढकलायला. रुमालाचा काही संबंध नाही. मी आकडा बघितला नाही आणि भलतंच पोर्ट बंद केलं. भलतंच म्हणजे कुठलं? ज्यातून मी स्वतः त्या पेटीपर्यंत पोचत होते, तेच. घराबाहेर येऊन दार ओढून घ्यावं आणि किल्ली आत राहावी, तसं झालं. ठिपका लाल.

यावर उपाय अगदी पोरकट आहे. कुणीतरी तिथं जाऊन प्लग काढायचा आणि पुन्हा लावायचा. पेटी नव्यानं उठते आणि मी केलेला गोंधळ विसरते. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी काकांवर इतके दिवस ओरडत होते, नेमकी तीच मला त्यांच्याकडून हवी होती! मी फोन केला. काका म्हणाले, मी नाय हात लावनार, तुला शब्द दिलाय. मी म्हटलं, मीच सांगतेय ना आता! ते म्हणाले, आज सांगतेस आणि उद्या ओरडतेस. मला इतका संताप आला म्हणून सांगू. "काका, माझ्याकडून चूक झालीय, जरा काढा" — एवढं एक वाक्य बोलले असते तर तो माणूस धावत गेला असता. का नाही बोलले मी?

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. साहेब म्हणजे आमचे मालक, आणि नेमके त्या दिवशी तेही पूर्णगडलाच. गेटपास छापले जात नव्हते, आंब्याचे टेंपो उन्हात रांगेत उभे होते, क्रेटमधला माल तापत होता, ड्रायव्हर हॉर्न बडवत होते. साहेबांनी विचारलं, काय झालंय? आणि मी म्हटलं —

काकांनी पुन्हा प्लग काढला असणार.

बस. इतकंच. आवाजसुद्धा चढवला नाही. उलट किंचित थकलेला, सोसणाऱ्या माणसाचा आवाज काढला. तो मला आजही ऐकू येतो आणि स्वतःची किळस येते.

साहेब तावातावानं आत गेले, स्वतःच प्लग उपसला, पुन्हा खुपसला. पेटी उठली, गेटपास निघाले. झाला की नाही पुरावा? प्लग नीट बसवला आणि सगळं सुरू झालं, म्हणजे काकांनी तो आधी काढून सैल लावलेला असणार. यात कुठं चुकतंय ते कंपनीत फक्त मला कळत होतं. फोन चालूच होता. साहेब ड्रायव्हरांच्या देखत काकांना बोलत होते ते मी सगळं ऐकलं. काका आधी ठामपणे म्हणाले, मी हात लावलेला नाय. साहेब म्हणाले, मग त्या मॅडम काय खोटं बोलतात? यावर काकांचा आवाज उतरला. म्हणाले, "ती बाय बोलतेय म्हंजे आसंल. वय झाला आता. मीच काडला आसन नि विसरलो आसन."

मी ठिपका हिरवा झाल्याची नोंद केली आणि उरलेला चहा गार झाला म्हणून दुसरा मागवला.

तुम्हाला वाटेल, एक ओरडा खाल्ला काकांनी, त्यात एवढं काय? मीही हंगामभर स्वतःला हेच सांगितलं. पण काकांनी तो ओरडा खाऊन सोडून दिला नाही. आपण एक गोष्ट केली आणि ती आपल्याला आठवत नाही — हे त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं. कुलूप लावलं की ते परत फिरून बघायचे. मग पुन्हा एकदा. मला फोन करून विचारायचे, बाय, ठिपका हिरवा हाय ना? मी काही केला नाय ना? आणि मी — वैतागायची! कामात आहे काका, नंतर बोलू, म्हणून फोन ठेवायची. पावसाळा संपायच्या आत त्यांनी आपणहून चाव्या साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. माझ्या हातून मोठं नुकसान व्हायच्या आधी सोडतो, म्हणाले. साहेबांनी शाल-नारळ दिला. वर्गणी मीही काढली.

गेल्या आश्विनात पूर्णगडला नवीन पेटी बसवायला मी स्वतः गेले होते. परतताना त्यांच्या घरी डोकावले. का गेले? सांगायलाच गेले होते, खरंच. वाटेत वाक्यं जुळवली होती. काका पडवीत बसले होते, बरेच वाळलेले. सून सांगत होती, आता एकटे कुठं जात नाहीत, जेटीवरसुद्धा नाही. गॅसला हात लावू देत नाही आम्ही, त्यांचा त्यांनाच भरवसा नाही. समुद्राकडून गडगडायला लागलं. काका अस्वस्थ झाले. टीव्हीचा प्लग काढलाय काय, त्यांनी सुनेला विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच काढलात ना आत्ता. त्यांना पटेना. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, तू बघ. तुला त्यातला समाजता."

मी आत जाऊन पाहिलं. प्लग काढून, वायर गुंडाळून, नीट बाजूला ठेवलेली होती.

बाहेर येऊन मी म्हटलं, काढलाय काका, तुम्हीच काढलाय. ते जरा हसले. म्हणाले, "बग, आत्ताचासुदा आठवत नाय. म्हंजे तेवाबी मीच काडला आसन." आणि माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही, संशयानंही नाही. मी हो म्हणावं म्हणून. निदान तेवढं तरी पक्कं व्हावं म्हणून.

मी हो म्हटलं.

चहा संपवला, सुनेला येते म्हणाले आणि गाडीत बसले. जुळवलेली वाक्यं तशीच तोंडात होती.

त्या मे महिन्यात पूर्णगडच्या प्लगला काकांनी हात लावला नव्हता. पोर्ट मी बंद केलं होतं.