मामांचा काडेपेटीएवढा अडाप्टर

प्रवासाला निघताना काय काय घरी ठेवून जावं, या विषयात आमच्या धाकट्या मामांचा हात धरणारा माणूस रामनगरपासून कारवारपर्यंत सापडला नसता. "परवासात सगळं अर्ध्यावर भागतंय," हा त्यांचा लाडका सिद्धांत. दात घासायच्या ब्रशचा दांडा त्यांनी कापून टाकला होता, साबणाची वडी सुरीने चिरून न्यायचे, आणि चार दिवसांच्या लग्नाला एकाच सदऱ्यावर जायचे; दोन दिवस सुलटा, दोन दिवस उलटा. मामी म्हणायची, "नशीब माझं, बायको तरी अख्खी नेतात!"

आणि एवढं करून ज्याच्यावर त्यांचा जीव, तो टेपरेकॉर्डर मात्र दोन स्पीकरांचा, तांदळाच्या डब्याएवढा. आता बोला! तो मांडीवर घेऊन मामा बसमध्ये बसले की कंडक्टर विचारायचा, "ह्याचं अर्धं तिकीट फाडू काय?" त्याचा मूळ अडाप्टर विटेसारखा जड, म्हणून तो घरी राहायचा. सेल घालावेत तर तेही वजनच. मग ट्रान्झिस्टरचा काडेपेटीएवढा अडाप्टर खिशात टाकून स्वारी निघायची. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने बजावलं होतं, "मामा, पीन बसती, पण त्येच्यात तेवढा दम न्हाई." मामा म्हणाले, "आवाज बारीक ठेवला की चालतंय."

अणशीला आमची थोरली मावशी राहायची. सगळे तिला आक्का म्हणत. आजी गेल्यावर मामांना तिनेच लहानाचं मोठं केलं होतं. अलीकडे तिला धाप लागायची, दोन शब्द बोलली की थांबायची. लहानपणी ती आपल्याला झोपवताना म्हणायची ते गाणं टेपवर धरून ठेवायचं, असं मामांच्या मनाने घेतलं. मीही सोबत गेलो.

"नरडं बसलंय रे माझं," म्हणत आक्काने चुलीपाशी बसूनच गाणं म्हटलं, मध्ये मध्ये श्वास घेत. संपल्या संपल्या म्हणाली, "पुरे की आता. बंद कर ते. भात निवतंय, जेवाय ये." मामांनी लगेच टेप मागे फिरवून ऐकवली. हुबेहूब आक्का! ती तोंडाला पदर लावून म्हणाली, "अगं बाई, मीच हाय की ही!"

घरी येऊन मामांनी ऐटीत मोठा अडाप्टर जोडला आणि कॅसेट लावली. आक्का सहा वर्षांच्या पोरीसारखी चिवचिवत अख्खं गाणं म्हणत धावत सुटली. आम्ही हसून हसून लोळलो. मामा तेवढे हसले नाहीत. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, "छोट्यावर टेप हळू फिरत हुती, तशीच भरली. आता पुरा करंट मिळाला की पळतीया." मामांनी ठरवलं, दिवाळी झाली की पुन्हा जायचं, या खेपेला वीट घेऊन. जन्मात पहिल्यांदा ते वजन न्यायला तयार झाले, अडाप्टर टॉवेलात बांधूनसुद्धा ठेवला.

दिवाळीआधीच आक्का गेली. त्या दिवशी मामांनी अणशीला जाताना काहीच नेलं नाही, तो अर्धा ब्रशसुद्धा नाही.

नंतर वर्षभर त्यांनी टेपला हात लावला नाही. आपण त्या चिवचिवाटाला हसलो होतो, याचं मला फार वाईट वाटायचं. एका दुपारी मी भीत भीतच म्हणालो, "मामा, छोटा लावून बघा की." त्यांनी ट्रंकेतून ती काडेपेटी काढली आणि पीन बसवली.

आक्का आली. तीच, धापा टाकत, थांबत. अख्खं गाणं झालं, आणि ती म्हणाली, "पुरे की आता. बंद कर ते. भात निवतंय, जेवाय ये."

"व्हय आक्का," म्हणून मामांनी टेप बंद केली आणि पाटावर जाऊन बसले. नुकतेच जेवून उठले होते. मामीने पुन्हा भात वाढला.