निळ्या डब्यातला गाळ

पप्पांची नजर जात होती, हे घरात सगळ्यांत आधी माझ्या लॅपटॉपला कळलं. त्याने ते मला स्वच्छ आकड्यांत सांगितलं आणि मी ते आकडे पुसून टाकले.

पप्पा रंगारी. वसईच्या आमच्या गावात आणि आजूबाजूला घरं, फाटकं, वाटेवरचे क्रूस, सगळं तेच रंगवायचे. रंग डोळ्यांनी जुळवायचे, चमच्याने मोजून. पण हल्लीचं गिऱ्हाईक फोन पुढे करतं आणि म्हणतं, "हा पाहिजे." फोनमधला रंग भिंतीवर उतरला नाही की तोंड वाकडं. आचोळ्याच्या एका बाईंनी तर अख्खी खोली पुन्हा रंगवून घेतली. त्या दिवशी पप्पा जेवले नाहीत. मला भयंकर राग आला. मी ऑफिसात सॉफ्टवेअरचंच काम करते. म्हटलं, आपणच प्रोग्रॅम लिहू. पप्पांच्या डब्यांतले रंग किती चमचे मिसळले तर काय होईल, ते आधी स्क्रीनवर दिसेल. गिऱ्हाइकाने हो म्हणावं, मगच ब्रश बुडवायचा.

पहिल्याच दिवशी फजिती. निळ्यात पिवळा मिसळला, तर स्क्रीनवर करडा. पप्पा पोट धरून हसले. "अगं, हिरवा कुठं गेला? हा तर राखेच्या बुधवारी कपालाला लावायचा रंग!"

चूक माझीच होती. स्क्रीन उजेडात उजेड मिसळते. डब्यातला रंग उजेड खातो. निळा एक भाग खातो, पिवळा दुसरा, आणि दोघांच्या तावडीतून सुटतो तो हिरवा. म्हणजे प्रत्येक डबा कुठला उजेड किती गिळतो आणि किती परत फेकतो, हे मोजायला हवं. मिश्रणाची बेरीज त्या आकड्यांची करायची आणि सुटलेला उजेड शेवटी स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यात बसवायचा. रंग मोजायचं एक छोटं यंत्र आणलं आणि मला चेव चढला.

दर रविवारी चर्चमधून मिस्सा आटोपून आलो की आम्ही ओट्यावर बसायचो. मी रंगांच्या नमुन्यांच्या शेडकार्डाचा एक तुकडा द्यायचे, पप्पा तो रंग डब्यांतून जुळवायचे आणि किती चमचे लागले ते मी लिहून घ्यायचे. शेजारी प्रोग्रॅमचं उत्तर. लाल, शेंदरी, तपकिरी यांत पाव चमच्याचाही फरक नाही. निळ्यात मात्र सगळा गोंधळ. तोच तुकडा पुन्हा दिला तर कधी दोन चमचे जास्त, कधी दीड कमी.

खापर मी डब्यावर फोडलं. "पप्पा, तुम्ही डबा नीट ढवळत नाही. खाली गाळ बसतो." ज्याचा जन्म रंगात गेला त्या माणसाला मी हे सांगितलं. आणि त्यांनी ऐकलं! त्यानंतर दर रविवारी ते निळा डबा काठीने ढवळत बसायचे, हात भरून येईपर्यंत. तरी आकडे इकडेतिकडेच. मग मी ऑफिसात करते तेच केलं. फार भरकटलेले आकडे काढून टाकले, उरलेल्यांची सरासरी घेतली. स्क्रीनवरचा निळा आणि डब्यातला निळा झकास जुळले. त्याच दिवसांत पप्पा दोनदा दाराच्या चौकटीला धडकले आणि आम्ही त्यांची थट्टा केली.

वर्षभराने एकदा पप्पा कळंबला कामावर गेले होते. मला निळे तुकडे पुन्हा तपासायचे होते, म्हणून आईला बसवलं. "माझी मासली कोन साफ करनार?" असं कुरकुरत ती बसली. पाच तुकडे, तोच डबा, ढवळलेला तोही जेमतेम. पाचही वेळा प्रोग्रॅम सांगत होता तेवढेच चमचे. मग मी स्वतः जुळवून पाहिलं. तेच. डबा चांगला होता, प्रोग्रॅमही चांगला होता. त्याच आठवड्यात मी पप्पांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टर म्हणाले, काचबिंदू. कडेची बरीच नजर गेलेली आहे, ती परत येणार नाही. उरलेली औषधाचे थेंब घालून राखायची. शिडीवर चढायचं नाही. निळ्या-पिवळ्यातला फरक अशा डोळ्यांना कधीकधी आधी कळेनासा होतो, असंही म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

"आताच. महिनाभर झाला असंल," पप्पा म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. माझ्या फाइलच्या जुन्या प्रतीत मात्र एकेक रविवार तारखेसकट होता. मी डॉक्टरांसमोर तोंड उघडलं नाही.

घरी आल्यावर राहवेना. ओट्यावर त्यांच्याजवळ बसले आणि सांगून टाकलं, "पप्पा, मला वर्षापूर्वीच दिसलं होतं. निळ्यात तुमचे चमचे चुकत होते. मी ते आकडे खोडून टाकले. तेव्हाच तुम्हाला डॉक्टरकडे न्यायला हवं होतं."

ते ओरडतील म्हणून मी वाट बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हंजे तुला वाटलं डबा चुकंल, मशीन चुकंल," ते सावकाश म्हणाले, "पन बाप नाय चुकनार."

आणि चेहरा असा खुलला की मला बघवेना. मी "हो" म्हणाले. त्यांनी आईला हाक मारून बाहेर बोलावलं, "ऐकलंस का, पोरगी काय म्हनते!" आणि तिलाही तेच कौतुकाने सांगायला लागले. मला तिथून उठताही येईना.