कडी नसलेलं दार

आधीच सांगते, भूत-बित, करणी-बिरणी असलं काही मी मानत नाही. जालना एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीच्या लॅबमध्ये आहे, उगवलं की नाही ते बघून लिहायचं, हे माझं काम. पण हे जे झालं ते भरदुपारी झालं... आणि तिघांनी ऐकलं.

एमआयडीसीच्या मागच्या कॉलनीत मावशींकडे मी पेइंग गेस्ट होते. घरात मावशी आणि त्यांचा मुलगा दिलीप, टेम्पो चालवतो. "घरच्यावानी राहा," म्हणाल्या. राहिले! माझ्या खोलीच्या दाराला कडीच नव्हती. मी कपडे बदलायला घेतले की मावशी धाडकन आत. "मीच हाय गं, तुझ्या आईसारखी. लाजतीस काय?" पर्स उचकणार आणि जेवताना दिलीपसमोर विचारणार, "त्या गोळ्या कशाच्या गं?" कपडे वाळत घालायची दोरीही माझ्याच खोलीत. म्हणजे टॉवेल घ्यायला दिलीप कधीही हजर... दिवसातून किती वेळा टॉवेल लागतो हो माणसाला?

शेवटी मी कडीचा विषय काढला. मावशी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हसल्या.

"आमच्या सुनीलाबी हीच खोड. सारखं दार लावायची. मंग मीच कडी उपटून टाकली. म्हनलं, नवऱ्याच्या घरात काय लपवायचं? तर गेली हिरीत. तिथं तरी कोन बघंना म्हनून गेली आसंल!"

सुनी म्हणजे त्यांची सून, दिलीपची बायको. ती वारली एवढंच मला माहीत होतं. विहिरीत जीव दिला हे आत्ता कळलं, आणि ही बाई शेंगा सोलतेय!

दुसऱ्याच दिवशी हार्डवेअरच्या दुकानातून कडी आणली आणि पर्समध्ये ठेवली. सुतार सोमवारी येणार होता.

रविवारी दुपारी मी अंगणात कपडे धूत होते, मावशी समोर ओसरीत. दिलीप टॉवेलसाठी माझ्या खोलीकडं गेला आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला — खट्! त्यानं दार ढकललं. हलेना.

"आतून लावलंय."

मावशी माझ्याकडं बघायला लागल्या. मी तर त्यांच्या डोळ्यांसमोर, हातात साबण!

मग आत बांगड्या वाजल्या. साडी झटकल्याचा आवाज आला. कुणीतरी निवांत साडी बदलत होतं, कसलीच घाई नाही... दिलीपनं दारावरचा हात काढला. "आई, सुनी हाय..."

मला वाटलं, मावशी घाबरतील. छे! दोन्ही हातांनी दार बडवायला लागल्या. "भवाने, मेलीस तरी दार लावतीस? उघड!"

एरवी वाऱ्यानं उघडणारं ते दार तसूभरही हललं नाही. शेवटी मी मावशींना दंडाला धरून मागं ओढलं आणि म्हणाले, "वहिनी, होऊ द्या तुमचं. कुणी येत नाही." का म्हणाले, कोण जाणे. थोड्या वेळानं पुन्हा खट् झालं आणि दार उघडलं.

आत कुणीच नाही. खिडकीला गज. दाराला कडी नाही, नुसती जुन्या स्क्रूची भोकं. माझी कडी पर्समध्ये, दुकानदारानं कागदात गुंडाळून दिली होती तशीच.

मी बॅग भरायला घेतली. बाहेर मावशी दिलीपला सांगत होत्या, "दारच काढून टाक. बघू आता काय लावती!"

आता मी दुसरीकडे एकटी राहते, ती कडी माझ्या दाराला लावलीय. मध्ये मावशींचा फोन आला. आवाज पार बसलेला.

"दार काढलं, पडदा लावला, तर दुपारचा पडदाच सरकंना गं. दिलीप वढून वढून थकला. तुझं ऐकलं व्हतं तिनं. एकदा येऊन सांग की तिला."

पडदा का सरकत नाही, नसलेली कडी कशी वाजली — मला आजही सांगता येणार नाही. मावशी फोनवर रडत होत्या. खरं सांगते, मला जराही वाईट वाटलं नाही.

"साडी बदलू द्या तिला, मावशी," एवढं म्हटलं आणि फोन ठेवला.