गंगेच्या गडूतला घोट

धुळ्याच्या धावपट्टीवर आमचा बंदोबस्त म्हणजे पूर्वी बकऱ्या हाकलणं. अधूनमधून एखादा मंत्री उतरायचा. आम्ही महिला पोलीस स्वागताला आलेल्या बायांच्या पिशव्या वरवर चाचपायचो, की झालं. मग नव्वदनंतर बॉम्बच्या बातम्या वाढल्या आणि आम्हाला नव्या प्रशिक्षणासाठी जळगावला पाठवलं. मोठ्या विमानतळावरचे एक अधिकारी शिकवायला आले होते. माणूस हुशार, पण त्यांची सगळी उदाहरणं सुटकेसवाल्या प्रवाशांची. पाणी, दूध, काहीही पातळ दिसलं की ज्याचं त्याला घोटभर प्यायला लावा, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, "देवाचं तीर्थ असलं तर?" सगळा वर्ग हसला. "तीर्थ प्यायचंच असतं," ते म्हणाले आणि पुढच्या विषयाकडे वळले.

काही महिन्यांनी शिंदखेडा तालुक्यातल्या एका जवानाचा मृतदेह सीमेवरून विमानानं यायचा होता. सोबत मंत्री येणार, म्हणून बंदोबस्त नव्या पद्धतीचा. जवान जाऊन बरेच दिवस झालेले. घरच्यांना तिथेच एकदा चेहरा दाखवून पेटी कायमची बंद करणार होते. गावात मग नुसती पेटीच.

आम्ही बंदोबस्ताला बांधलेल्या दोरीपाशी त्याची आई आली. उन्हात रापलेली, कपाळ मोकळं, पदराखाली काहीतरी घट्ट धरलेलं. मी पदर बाजूला केला तर गंगेचा गडू. तांब्याचा, तोंड डाख लावून कायमचं बंद केलेलं. असा गडू आमच्याकडे पुष्कळ घरांत देवापाशी असतो. माणूस जाताना त्याच्या तोंडात घालायचं पाणी ते.

"कोणासाठी होता, अक्का?" मी उगाच विचारलं.

"मन्हाकरता ठेयेल व्हता. आते त्याले लागी." स्वतःच्या मरणासाठी राखलेलं पाणी बाई मुलासाठी घेऊन आल्या होत्या.

तेवढ्यात आमचे साहेब आले. "उघडा तो. एक घोट पाजा तिला."

"साहेब, उष्टं पाणी मेलेल्याच्या तोंडात घालत नाहीत. गडू मी धरते, मीच सोबत जाते."

"आणि मंत्र्यांना काही झालं तर? जळगावला काय शिकून आलीस?"

साहेब वाईट नव्हते, घाबरलेले होते. पण मला त्यांची चीड आली, आणि इतकी वर्षं झाली तरी ती गेलेली नाही.

हवालदारानं चाकूनं डाख काढला. बाईंच्या सगळं लक्षात आलं. "उष्टं व्हई जाई, ताई," त्या हळूच म्हणाल्या. साहेब म्हणाले, प्यायचं नसेल तर गडू बाहेर ठेवा. तिकडे विमानाचा आवाज येऊ लागला होता. बाईंनी एकदा आभाळाकडे पाहिलं आणि गडू तोंडाला लावला.

विमान उतरलं. पेटी उतरवली. मंत्री काही उतरले नाहीत. त्यांचा दौरा ऐनवेळी रद्द झाला होता आणि आम्हाला कळवायचं कोणाला सुचलं नव्हतं. साहेबांनी टोपी काढून घाम पुसला आणि ते दुसरीकडे जाऊन उभे राहिले.

पेटीचं झाकण उघडलं. बाई खाली बसल्या, नकळत गडू उचलला आणि हात तसाच थांबवला. गडू त्यांनी बाजूला डांबरावर ठेवला.

"ताई, पानी शे का?"

मी आमच्या बंदोबस्ताच्या पिंपातून ग्लासभर पाणी आणलं. टँकरचं, गढूळ, उन्हानं कोमट झालेलं. ते पाणी कोणी तपासलं नाही. त्यात बोटं बुडवून बाईंनी मुलाच्या ओठांवर थेंब सोडले. सगळं झाल्यावर पदरानं त्याची हनुवटी पुसली.

झाकण बसवायला माणसं पुढे आली. बाईंनी गडू पुन्हा पदराखाली घेतला आणि पेटीकडे वाकून म्हणाल्या, "मन्हं पानी मीच पी लिधं रे."