गाळलेलं ‘मुला’

आमच्या दवाखान्याचे बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरला सगळे पंडित म्हणतात. वय चोवीस, अक्षर देखणं, आणि जगाचं शुद्धलेखन सुधारायचा मक्ता याच्याकडेच. दुकानदाराने चुकीचं लिहून दिलं तर हा बरोबर रंगवणार, वर अर्धा तास शिकवणी घेणार.

तीन वर्षांपूर्वी मी त्याला चिठ्ठी दिली होती, ‘मुलामुलींना एचपीव्हीची लस मिळेल.’ बोर्ड लागला. मी रोज त्याखालून आत जायचे, पण नर्सला बोर्ड वाचायचा पगार नसतो. लसीला एकही मुलगा फिरकत नाही म्हणून आजच्या पिढीला मात्र मी पोटभर नावं ठेवली.

गेल्या महिन्यात पंडित आला आणि खोली रिकामी होईपर्यंत भिंतीवरचे तक्ते वाचत राहिला. नको त्या जागी चामखिळी आल्या होत्या. लग्न दोन महिन्यांवर.

"डॉक्टर म्हणाले, एचपीव्ही. याची लस मुलांनाही देतात म्हणे. बोर्डावर तर फक्त मुली आहेत."

मी बाहेर जाऊन बोर्ड वाचला. पहिल्यांदाच.

"‘मुला’ कुठे गेलं?"

"चिठ्ठीत ‘मुला’ आणि लगेच ‘मुलीं’, एकच शब्द दोनदा पडल्यासारखा दिसला, सिस्टर. मला वाटलं, तुमचा हात अडखळला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची लस ती, मुलांना कशाला? आणि मुलींनी घेतली की आपण आपोआप वाचतो, असं ऐकलं होतं."

महाराज दुसऱ्यांच्या दंडांत टोचलेल्या सुईच्या भरवशावर निघाले होते. आमच्या लसीच्या वहीत गावातल्या निम्म्या मुलीही नव्हत्या, मुलगे तर शून्य.

"आता लस घेऊन हे जाणार नाही. त्याचे उपचार वेगळे. अजून न झालेल्या प्रकारांपासून वाचशील," मी म्हणाले.

"आणि तिला झालं तर?"

मला वाईट वाटलं, त्याच्याइतकंच स्वतःबद्दलही.

"तिला सांग. लग्नाआधी."

तिसऱ्या दिवशी तो तिला घेऊन आला. तिने पर्समधून लसीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. तीन वर्षांपूर्वीचं, सगळे डोस झालेलं.

"याचाच बोर्ड वाचून घेतली होती," ती मला म्हणाली. मग त्याच्याकडे वळली. "एवढा मोठा बोर्ड रंगवलास, त्यात स्वतःला जागा नाही ठेवलीस?"

पंडिताने मुकाट्याने बाही वर केली.

मग शिडी आणली. ती तिने धरली. ‘मुलींना’च्या डावीकडे जागाच उरली नव्हती. शेवटी मास्तर वहीत घालतात तसं हंसपद काढून, बारीक अक्षरांत, वर ‘मुला’ लिहावं लागलं. पंडिताच्या बोर्डावर दुरुस्ती झालेली मी तेव्हाच पाहिली.