गुरुवारचा गोड पाव

पुंजाजींना लकवा मारून आज अठरा दिवस झाले होते आणि या अठरा दिवसांत घरात भर पडली ती फक्त सफरचंदांची. बुलढाण्यात आजाऱ्याला भेटायला रिकाम्या हातानं कुणी येत नाही. ज्याच्या तोंडात औषधालाही दात नाही, त्याच्या खाटेखाली दोन टोपल्या सफरचंदं! त्यांची सून जयमाला झाडताना रोज त्या टोपल्या बाहेर ओढायची आणि पुन्हा तिथंच सरकवायची.

सकाळी अंगणवाडी, दुपारी सासऱ्यांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, चादरी धुवायच्या. नवरा देवानंद एसटीचा चालक, घरी कमी आणि रस्त्यावरच जास्त. जयमाला थकली होती. तक्रार करायलाही बळ लागतं, तेवढंही उरलं नव्हतं.

त्यात तीन दिवसांपासून सासऱ्यांनी तोंडच मिटलं होतं. वाचा तर पहिल्याच दिवशी गेली होती, आता खाणंही गेलं. चमचा ओठाला लागला की मान फिरवायचे. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर नाकातून नळी घालू, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते ऐकून म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते एकट्या जयमालेनं पाहिलं.

एके काळी हे तोंड बंद कसं होईल, असं तिला वाटायचं. बावीस वर्षं तिच्या हातच्या प्रत्येक भाजीला यांचा एकच शेरा, "मीठ कमी हाये." भाजी खारट झाली तरी तेच.

शिकायला पुण्याला असलेल्या लेकीनं, पुष्पांजलीनं, मोबाइलवर कृती पाठवली होती. सफरचंद आणि दालचिनीचा गोड पाव, दात नसले तरी चालेल इतका मऊ. ओव्हन कुठला? जयमालेनं कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाशी किलोभर मीठ पसरलं, त्यावर सफरचंद किसून भिजवलेल्या पिठाचा डबा ठेवला. दालचिनी म्हणजे आपली कलमी, ती मटनाच्या मसाल्यासाठी घरात होतीच. थकलेला हात सवयीच्या जागी जातो. दर रविवारी मिक्सरच्या ज्या भांड्यात मटनाचा मसाला वाटायची, त्याच भांड्यात तिनं कलमी फिरवली होती.

अर्ध्या तासात वास सुटला, तसं हातातली माळ तशीच धरून सासूबाई, कोकिळाबाई, दारात उभ्या.

"आज गुरुवार हाये नं वं! मटन काऊन शिजवून राह्यली?"

"मटन नाही आई, गोड पाव हाये. सफरचंदाचा."

"मले का नाक नाही? महाराजाच्या वाराच्या दिवशी असं करतेत का?"

वाद घालायचं त्राण जयमालेत नव्हतं. तिनं गॅस बारीक केला. तेवढ्यात आतल्या खोलीतून घोगरा आवाज आला.

"म... मटन?"

अठरा दिवसांनी पुंजाजींचा आवाज! मग कोकिळाबाईंनीच तिला हातानं ढकललं. "जाय, जाय लवकर! हाये म्हन मटन!"

गुरुवार गेला चुलीत. जयमालेनं गरम पाव दुधात कुस्करला आणि वाटी घेऊन गेली. पुंजाजींनी आपणहून तोंड उघडलं. घास आत गेला, वाकडा जबडा हळूहळू हलला, गळ्याची घाटी वर-खाली झाली. म्हातारबांनी तिच्याकडे नाराजीनं पाहिलं.

"मी... मीठ कमी हाये."

तळाशी किलोभर मीठ जाळून हे ऐकायचं! बावीस वर्षं ज्या वाक्यानं तिचं डोकं उठायचं, त्याच वाक्यानं तिला आता हुंदका फुटला.

पण मीठ तर डॉक्टरांनी बंद केलं होतं. ती उठली, स्वयंपाकघरात जाऊन आली आणि त्यांना दिसेल अशी रिकामी चिमूट वाटीवर झाडली.

पुंजाजींनी दुसरा घास घेतला. "आता बरं हाये," म्हणाले आणि पुन्हा तोंड उघडलं.