वहिनीचे सत्तावीस मेसेज

त्या जानेवारीत धुक्यामुळे शाळा बंद होत्या. लखनौत मानक नगरच्या आमच्या क्वार्टरपुढे दुपारी जरा ऊन आलं की मी मटार सोलत बसायची आणि नववीतली माझी मुलगी माझ्या फोनमधला कचरा काढायची. एकदा तिनं विचारलं, "मम्मी, ये फ़िल्टर्ड वाला फोल्डर कभी खोला है?"

असं काही असतं हेच मला माहीत नव्हतं. आपल्या यादीत नसलेल्यांचे मेसेज ॲप परस्पर तिथं टाकतं म्हणे. तिनं उघडून दाखवलं. लॉटऱ्या, अडकलेली पार्सलं, परदेशातले कुणी विधुर. त्यांच्याखाली माझी वहिनी, आणि तिचे सत्तावीस मेसेज.

वहिनीशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. साताऱ्याला माझे वडील, अप्पा, आजारी होते तेव्हा मी रोज फोन करायची आणि ती रोज सांगायची, "बरे आहेत. इतक्या लांबून धावत येऊ नका." अप्पा गेल्याचं मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी गेले, तर म्हणाली, "तुम्हाला वेळेत पोचता आलंच नसतं." दादा शेजारी मान खाली घालून बसला होता. लखनौला परत आले, नंबर बदलला आणि दोघांनाही यादीतून काढून टाकलं.

माझा नवा नंबर तिला कुणी दिला कोण जाणे, पहिला मेसेज आठ महिन्यांपूर्वीचा होता. "वन्सं, ह्यांना पॅरालिसिसचा झटका आला. वाचा गेली आहे." मग, "तुमचा फोटो दाखवला की रडतात. एकदा व्हिडिओ कॉल करा." मग, "अप्पांच्या वेळी माझं चुकलं. राग माझ्यावर काढा, ह्यांच्यावर नको."

"जब तक एक्सेप्ट नहीं करोगी, उनको पता नहीं चलेगा कि आपने पढ़ लिया," मुलगी सहज म्हणाली.

मी ते लक्षात ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून नवरा ऑफिसला गेला की चहा घेऊन तो फोल्डर उघडू लागले. चार-पाच दिवसांनी नवा मेसेज यायचा. आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. वहिनीची भाषा दर वेळी आणखी लीन होत होती, आणि मला ते आवडत होतं. याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

फेब्रुवारीत मी एक्सेप्ट दाबलं. उत्तर द्यायला नाही. सगळं वाचून गप्प बसले आहे हे तिला कळावं म्हणून. मिनिटभरात मेसेज आला, "वन्सं, वाचलंत? देव पावला." लगेच व्हिडिओ कॉल. वाजू दिला. पुन्हा आला, तोही वाजू दिला. तिसरा घेतला.

तिनं फोन दादासमोर धरला होता. तोंड एका बाजूला ओघळलेलं, पण दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून नीट विंचरलेले. मला बघून तो आवाज काढू लागला. कदाचित माझं लहानपणीचं नाव घेत असेल.

"तेव्हा तुला बोलता येत होतं, दादा," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग वहिनीला ब्लॉक केलं.

वळले तर दारात मुलगी. शाळेतून आली होती, दप्तर अजून पाठीवर. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीतच.

"मामा बीमार हैं, मम्मी."

"माहीत आहे मला."

"फिर ऐसा क्यों बोला?"

"हातपाय धू. जेवायला वाढते."

ती जेवली नाही. मामीचा नंबर तिनं कसा मिळवला, मी विचारलं नाही. आता दर रविवारी ती आतल्या खोलीत दार लावून मामाशी बोलते. ती हिंदीत काहीतरी सांगते, तो आवाज काढतो, तिला त्यातून कसं कोण जाणे कळतं, आणि दोघं हसतात. मागून वहिनीही हसते.

मागच्या रविवारी ती पाणी प्यायला बाहेर आली. "मामी आपका पूछ रही थीं."

"काय सांगितलंस?"

"कुछ नहीं." ती आत गेली. कडी लावल्याचा आवाज आला.